लाल गाडी न घेता घरी कसं यावं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही पुस्तिका तुमच्या हातात आहे म्हणजे गाडी तुम्ही मोबाइलवर बघून ठेवलेली आहे. रंग लाल, नाहीतर पिवळा. दारं दोन. विकणारा पुण्याचा किंवा कोल्हापूरचा. घरी 'नुसती बघून येतो' असं सांगितलंय आणि 'असू दे आपलं' म्हणून चेकबुक खिशात टाकलंय. पुढच्या सगळ्या सूचनांचा हेतू एकच : ज्या वाहनानं गेलात त्याच वाहनानं परत यावं.

पुस्तिका सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरती आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावी. त्यांच्या घरात बैल विकत घेतल्याचा अनुभव नसतो, आणि इथली सगळी विद्या त्यावरच उभी आहे.

मोसम

या तापाला मोसम असतो. दिवाळीनंतर धुराडी पेटतात, ऊस जातो आणि बिलाची वाट सुरू होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावी लागते. कारखान्याला कायद्यानं चौदा दिवस दिलेत. पैसे खात्यावर पडल्यानंतर ऊसवाल्यानं किती दिवस गप्प बसावं, याबद्दल आदेशात एक ओळ नाही. हीच ती पोकळी, आणि जुन्या गाड्यांचा सगळा धंदा या पोकळीत चालतो. बिल थकलं की आपण रस्ता अडवतो, चेअरमनच्या नावानं बोंब मारतो, आणि ते रास्तच आहे. पण हप्त्याहप्त्यानं आलेल्या बिलांनी या दोन जिल्ह्यांत किती लाल गाड्या टळल्या, याचीही कधीतरी नोंद व्हावी.

ऊस नसलेल्यांनी निर्धास्त राहू नये. तासगावच्या सौद्यात बेदाण्याला दर लागतो, सांगलीच्या यार्डात हळदीला लागतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात आणि दिवाळीला, यात्रेला गावी येतात. गल्लीत परराज्याच्या नंबरची गाडी उभी राहिली की शेजारच्या घरात त्या रात्री कोणी नीट झोपत नाही. कराडचं पोरगं हिंजवडीतून बोनस घेऊन शुक्रवारी रात्री येतं, शनिवारी गाडी बघतं. रविवारी त्याचा बाप आम्हाला फोन करतो.

दिवसातली वाईट वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा. उतरत्या उन्हात कुठलीही लाल गाडी चांगली दिसते. गाडी सकाळी बघावी, आणि धुतलेली बघू नये.

पहिला धडा : खरसुंडी

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत किंवा पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार घ्यायला गेलेला माणूस आठवा. तुमचे आजोबा असतील. ते बैलाजवळ लगेच जात नसत. आधी लांबून बघत, मग दुसऱ्याच बैलाचा भाव विचारत. मग जबडा उघडून दात : आदत, दोनदाती, चारदाती, का जुळलेला. भोवरे कुठं आहेत. खूर. मग चालवून बघणं, जमलं तर जुंपून बघणं. बरोबर गावातली दोन-तीन जाणती माणसं, आणि त्यांतला एक तरी असा की ज्याला कुठलंच जनावर पसंत पडत नाही. हेड्याच्या बोलण्याकडं कोणाचंच लक्ष नसे. भाव उपरण्याखाली, बोटांनी. पटलं नाही तर भाकरी सोडून खायची आणि घरी. पुढच्या यात्रेपर्यंत वाट बघायची त्यांची तयारी असे, आणि समोरच्यालाही ते कळत असे.

त्याच घराण्यातला नातू पंचवीस लाखांची गाडी अकरा फोटो आणि एका रीलवर ठरवतो. दात बघणं सोडा, बॉनेट उघडायची त्याला लाज वाटते, कारण 'आपल्याला काय कळतंय त्यातलं.' आजोबांना तरी बैलाच्या पोटातलं कुठं दिसत होतं? त्यांना वेळ काढता येत होता. या पुस्तिकेतली विद्या म्हणाल तर एवढीच. बाकीचं तपशिलाचं काम.

इथं थोडं विषयांतर. या भागाची अस्सल स्पोर्ट्स कार दोन बैलांची असते. तिच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. २०२३ लाच खानापूर तालुक्यात भाळवणीच्या शर्यतीला पहिलं बक्षीस थार होती. म्हणजे बैलांनी गाडी मिळवून दिली. गाडीनं कोणाला बैल मिळवून दिल्याचं ऐकिवात नाही.

बरोबर कोणाला न्यावं

मित्राला नेऊ नये. मित्र तुमच्या पैशानं उदार होतो. भाच्याला तर मुळीच नको; त्यानं त्या गाडीबरोबर फोटो कुठून काढायचा हेही ठरवून ठेवलेलं असतं.

आत्याला न्यावं. आत्या नसेल तर थोरल्या काकू. त्यांना काही शिकवायची गरज नाही, फक्त 'बसून बघा' म्हणायचं. स्पोर्ट्स कारची बैठक जमिनीपासून वीतभर वर. नऊवारीतल्या बाईनं एकदा आत बसकण मारली की बाहेर काढायला दोन माणसं लागतात, आणि त्या ओढाताणीत आत्या जे बोलतात ते ऐकल्यावर कुठल्याही एजंटाचा आवाज खाली येतो. 'माझ्या म्हाताऱ्या हाडांना ह्यात घालून देवाला न्यायचं म्हणतोस व्हय रं?' यावर उत्तर नाही. मग त्या मागं वळून बघतात. मागं सीट नाही. 'आणि वहिनी कुठं बसायच्या? डिक्कीत?' डिक्कीत वहिनीच काय, खताचं एक पोतंही बसत नाही.

वडिलांना नेलं तर ते एकच विचारतील : 'किती देते?' आठ सिलिंडरची मस्टँग गावच्या रस्त्यावर लिटरला पाच-सहा किलोमीटर देते. हे वडिलांना एजंटाच्या तोंडून ऐकू द्यावं, आपण सांगू नये.

एजंटाची भाषा

नवशिक्याला हिचा थोडा सराव हवा.

'डॉक्टरची गाडी आहे.' डॉक्टर कोण, कुठले, हे विचारायचं नसतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर हळू गाडी चालवतात आणि दर तीन वर्षांनी विकतात.

'एक रुपयाचं काम नाही.' हे खरं असतं. काम रुपयांत मोजण्यासारखं नसतं.

'नॉन-अ‍ॅक्सिडेंट.' दारं, बॉनेट, मागचा पत्रा यांच्या फटी सगळीकडं सारख्या आहेत का ते बोटानं बघा. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का बघा; कंपनीतून आलेला बोल्ट कोणी पान्यानं फिरवल्याशिवाय त्याचा रंग जात नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र चांगल्या पेंटरकडं असतं, ते मागून आणावं. एजंटाचा चेहरा त्या यंत्राकडं बघताना बघावा.

'किलोमीटर ओरिजिनल.' मीटर मागं फिरवता येतो. दात मागं फिरवता येत नाहीत म्हणून खरसुंडीचा बाजार सरळ वाटतो. अठ्ठावीस हजार किलोमीटर सांगतायत आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगचं चामडं चकाकतंय, तर पेडलवर विश्वास ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरवर नोंदी असतात. मालकाला स्वतःच्या नावानं मागवायला सांगा. तो 'बघतो' म्हणाला की आपणही 'बघतो' म्हणावं.

'दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतीय.' येऊ दे. या पार्टीचे आपल्यावर फार उपकार आहेत. तिला गाडी घेऊ द्यावी.

पाणी

हा भाग सांगलीकरांना शिकवायला नको, पण त्यांनाच तो गाडी बघताना आठवत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात, बाजारपेठेत, तळमजल्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. तसंच पाणी कोल्हापूरला, चिपळूणला, आणि २०१५ मध्ये चेन्नईला. विमा कंपनी अशा गाडीचा पूर्ण नुकसानीचा दावा देते, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते, कोणीतरी ती धुऊन, वाळवून, सुगंध मारून उभी करतो. गाडी परजिल्ह्यात जाते, कारण आपल्या गावात लोकांना पाणी कुठवर आलं होतं ते पाठ असतं. सांगलीतली बुडालेली गाडी सांगलीत विकत नाहीत. म्हणून सांगलीकरांनी दुसरीकडच्या गाडीला नाक लावावं आणि दुसरीकडच्यांनी सांगलीच्या.

बघायचं असं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीट पुढं सरकवून खालचे रूळ आणि स्क्रू बघा, तांबूस गंज आहे का. पायातलं कार्पेट कोपऱ्यातून उचला. स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. दिव्यांच्या काचेत आतून धुकं आहे का बघा. आणि गाडीत चार-चार सुगंधी डब्या लटकत असतील तर दार लावून, काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कृष्णेचा गाळ अत्तराला ऐकत नाही.

नव्या गाड्यांत सगळा कारभार वायरी आणि कॉम्प्युटरचा. पाणी निघून गेल्यावर वर्षानं एखादा कनेक्टर आतून हिरवा पडतो आणि गाडी भर हायवेवर, तासवडेच्या टोलनाक्याच्या लायनीत, न विचारता बंद होते.

चालवून बघणं

सकाळी, इंजिन थंड असताना जावं. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर 'चहा पिऊन येतो' म्हणून दोन तास यावंच नाही. कोणीतरी ते आधी चालू करून ठेवलंय आणि त्याला कारण असतं. चालू झाल्यावर मागं उभं राहावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आवाजाकडं या वेळी लक्ष देऊ नये. माणसं आवाजालाच फसतात, आणि तो सायलेन्सर बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो. पोलिस असले सायलेन्सर जमवून रोलरखाली घालतात.

साताऱ्याच्या लोकांची सोय आहे. गाडी यवतेश्वरच्या घाटात न्यावी. चढावर क्लच घसरतो का, तापमानाचा काटा वर सरकतो का, उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे सगळं कासच्या आधीच कळतं. दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर चढावर थांबवून, हळूहळू सोडून, पुन्हा थांबवून बघा. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा आपल्या उन्हात आणि गर्दीत कुरकुरतो हे मेस्त्र्यांना तोंडपाठ आहे, आणि तो उघडायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

सांगलीकरांना घाट नाही. त्यांनी गतिरोधक वापरावेत. भारतीय रोड काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, हळूच चढणारा हवा. आपल्याकडचा गतिरोधक ग्रामपंचायतीनं अपघातानंतर रागाच्या भरात घातलेला असतो : उंची तीच किंवा जास्त, लांबी हातभर. ११-१२ सेंटिमीटरवर पोट असलेली गाडी त्यावर पुढची चाकं उतरवते, मागची चढवते आणि मधोमध टेकते. गाडी घ्यायच्या आधी घरापासून हायवेपर्यंतचे गतिरोधक मोजून यावेत. बऱ्याच जणांचा व्यवहार इथंच मिटतो.

शिवाय नोव्हेंबर ते मार्च रस्ता आपला नसतो. दोन ट्रॉल्या उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, टेपवर गाणी. त्याच्या मागं चारशे अश्वशक्ती आणि बाराशे रुपयांची लुना एकाच वेगानं जातात.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून वाचावा.

आरसीवर बोजा आहे का बघा. असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलाचे. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर नव्यानं भरावा लागतो. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं कारण साधं आहे : तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं निर्बंध आणले, तेव्हापासून त्या गाड्यांना खालची वाट दिसते. त्या स्वस्ताईत कर, वाहतूक आणि एजंट मिळवून मग आकडा बघा.

गाडी परदेशातून आलेली आणि पंधरा वर्षांची झाली असेल तर नोंदणी नूतनीकरणाची फीच एप्रिल २०२२ पासून ४० हजार. वीस वर्षांपुढं गेली तर ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार. ही नुसती फी झाली. गाडी अजून जागची हललेली नाही.

थकलेली ई-चलनं बघा. लाल गाडीला ती जास्त असतात.

पेट्रोलबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. २०२५ पासून साध्या पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं. हे इथेनॉल येतं कुठून, तर त्यातला एक वाटा उसापासून. म्हणजे तुम्ही कारखान्याला ऊस घातला, त्याच्या बिलातून २००८ सालची परदेशी गाडी घेतली, आणि तुमचाच ऊस टाकीत शिरून तिचे जुने रबरी पाइप आणि सील खायला लागला. सहकाराचं हे वर्तुळ कुठल्याही वार्षिक सभेत मांडलं जात नाही.

'सचिननं पण घेतलीच की'

हा मुद्दा घरात हमखास निघतो. तर ऐका. सचिनला ती फेरारी ३६० मोडेना २००२ मध्ये भेट मिळाली, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल. फुकटची गाडी, पण सीमाशुल्क एक कोटीच्या वर. सरकारनं ते माफ केलं, त्यावरून वाद पेटला, शेवटी भेट देणाऱ्या फियाटनं भरलं. आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याकडं गेली. सचिनलाही विकावीशी वाटली, एवढंच यातून घ्यावं.

स्वतःच बनवायचा विचार असेल तर देवराष्ट्र्याचं उदाहरण आहे. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी बघितला, नियमात बसत नाही म्हणून ती कधीतरी बंद पाडतील असंही लिहिलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली. दोन जिल्ह्यांतला वाहनाचा इतका चोख व्यवहार आमच्या माहितीत दुसरा नाही.

शेवटचे उपाय

वरचं सगळं करूनही गाडी डोळ्यांपुढून हलत नसेल तर पंचांग उघडा. अमावास्येला वाहन घेत नाहीत. पितृपक्षात घेत नाहीत. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. आईला विचारलंत तर ती आणखी दोन-तीन वार सांगेल. तुमचा यावर विश्वास असो वा नसो, महिन्यातले निम्मे दिवस असे कटतात. उरलेल्या दिवसांत दसरा आणि पाडवा आला तर त्या दिवशी घराबाहेर पडू नका. आणि गाडी रात्रभर तुमच्या अंगणात ठेवायला मागा. सकाळी खाली तेलाचा ठिपका दिसला तर बोलायची गरजच उरत नाही.

एवढं होऊनही घेतलीत तर घ्या बापडे, पेढे आम्हालाही द्या, साताऱ्याचे कंदी. फक्त फॉर्म ३० तीस दिवसांच्या आत दाखल करा आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. तो जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर पहिल्या ट्रॅक्टरला घासल्यावर दावा मिळत नाही. आणि टोकन दिलं असेल तर पावती घ्या. 'व्यवहार न झाल्यास रक्कम परत' ही ओळ विकणाऱ्याच्या हातानं लिहून, खाली तारीख आणि सही. तो टाळाटाळ करायला लागला की चेकबुक खिशात घाला, आत्यांना गाडीतून बाहेर काढा आणि निघा.